मुळे फुटवणारी पावडर: एका हंगामाचा हिशेब

गेल्या जूनमध्ये परभणीच्या मोंढ्यातील एका कृषी सेवा केंद्रातून मी मुळे फुटवणाऱ्या पावडरीचा ५० ग्रॅमचा डबा १४० रुपयांना घेतला. पुढे त्याच प्रकारचा, पण वेगळ्या कंपनीचा आणखी एक डबा जिल्ह्यातीलच दुसऱ्या एका दुकानातून आणला. जून ते फेब्रुवारी या काळात दोन्ही डबे तुती, डाळिंब, गुलाब, बोगनवेल, जास्वंद आणि, थोडा हट्टच म्हणा, सीताफळ यांच्या काड्यांवर वापरून पाहिले. डब्यांवरील नावे येथे देत नाही, कारण तक्रारीच्या ज्या बाबी मी लिहिणार आहे त्या एखाद्या कंपनीपुरत्या नसून बाजारातील बहुतेक अशा डब्यांना लागू पडतील असे मला वाटते.

पहिला डबा पांढऱ्या प्लॅस्टिकचा होता. झाकण फिरकीचे, आत फॉइलचे सील आणि त्याखाली अंगाला लावायच्या पावडरीसारखी मऊ, किंचित गुलाबी छटेची भुकटी. ही भुकटी म्हणजे जवळजवळ सगळे शंखजिरेच असते. काम करणारे द्रव्य त्यात चिमूटभरच मिसळलेले असते. त्या द्रव्याचे नाव इंडोल ब्युटिरिक ॲसिड, शेतीच्या बोलण्यात आयबीए. डब्यावर हे नाव बारीक अक्षरांत होते. गुलाब, डाळिंब आणि आंबा यांची रंगीत चित्रे मात्र ठळक होती आणि त्यांच्याखाली ‘सर्व प्रकारच्या कलमांसाठी’ असे छापलेले होते. आयबीएचे प्रमाण किती टक्के, हे कोठेही नव्हते. माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. कोवळ्या, रसरशीत काडीला साधारण ०.१ टक्के, अर्धवट पक्व काडीला ०.३ टक्के आणि जून लाकडाला ०.८ टक्के अशा चढत्या तीव्रतेच्या पावडरी वापरण्याचा जुना प्रघात आहे. ०.१ टक्के म्हणजे १००० पीपीएम, अर्थात दहा लाख भागांत हजार भाग, आणि ०.८ टक्के म्हणजे ८००० पीपीएम. हा फरक आठपटींचा आहे. कीटकनाशकाच्या बाटलीवर प्रमाण छापलेले नसेल तर आपण ती दुकानदाराच्या हाती परत देऊ, मग येथे चित्र पाहून समाधान का मानावे, हे मला कळलेले नाही. दुकानदाराला विचारले तेव्हा त्याने ‘सर, गुलाबाला चालते, डाळिंबाला चालते, बिनधास्त न्या’ एवढेच सांगितले, आणि मीही नेली.

घरी डबा पाहून आई म्हणाली, “पावडर कशाला रे, काडी मातीत खोचली की लागतीच की.” आईचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि कोणते निम्मे खरे आहे हेच या परीक्षणाचे खरे काम आहे.

मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला काडीपासून झाड होणे नवे नाही. उसाची लावण आपण बेण्याच्या टिपरीनेच करतो. उसाचे पेरे जवळून पाहिले तर डोळ्याच्या पातळीवर, कांडीभोवती फिरलेल्या पट्ट्यात बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसतात. ते ठिपके म्हणजे आधीपासून तयार होऊन झोपी गेलेल्या मुळांचे अंकुर होत. टिपरीला ओल मिळाली की तीच मुळे बाहेर पडतात, काही आठवडे टिपरीला पोसतात आणि पुढे कोंबाला स्वतःची मुळे फुटली की मागे पडतात. तुतीच्याही अनेक वाणांत पेऱ्यांजवळ असे अंकुर आधीच असतात, त्यामुळे तुतीची काडी खोचली की लागते. आईचा सारा अनुभव तुती, शेवगा, जास्वंद आणि कुंपणाची मोगली एरंड यांचा असल्यामुळे तिचे विधान तिच्या अंगणापुरते बिनचूक आहे.

गुलाब आणि डाळिंब यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या काडीला मूळ पहिल्यापासून घडवावे लागते. काडी झाडापासून तोडली की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. जखमेच्या जागी पेशी धोक्याची सूचना देणारी द्रव्ये तयार करतात, आणि वरून खाली येणारे ऑक्झिन हे संजीवक काडीच्या तळाशी साचू लागते, कारण पुढे जायला वाटच उरलेली नसते. ऑक्झिन शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होते आणि एका पेशीतून दुसऱ्या पेशीत ठरलेल्या दिशेनेच, म्हणजे शेंड्याकडून बुडाकडे, ढकलले जाते. पेशीच्या खालच्या बाजूला असलेली विशिष्ट प्रथिने त्याला बाहेर सोडण्याचे काम करतात. काडी उलटी रोवली तरी ही दिशा बदलत नाही, आणि मूळ फुटलेच तर काडीच्या मूळच्या बुडाकडे, म्हणजे आता वर आलेल्या टोकाकडे, फुटू पाहते. म्हणूनच जाणकार माळी काडीचे बूड तिरके आणि वरचे टोक सरळ कापतो. तिरक्या कापाचे इतर फायदे सांगितले जातात, पण माझ्या मते त्याचा खरा उपयोग शंभर काड्यांचा गठ्ठा हातात असताना बूड कोणते आणि शेंडा कोणता हे डोळे मिटून कळावे हाच आहे.

तळाशी साचलेल्या ऑक्झिनमुळे रसवाहिन्यांच्या आसपासच्या काही पेशी आपले आधीचे काम सोडतात, पुन्हा विभागू लागतात आणि त्यांच्या पुंजक्यातून मुळाचे टोक आकार घेते. ते टोक मग सालीतून वाट काढत बाहेर येते. कापलेल्या जागी जी पांढरट, दाणेदार गाठ येते, जिला कॅलस म्हणतात, ती म्हणजे मूळ नव्हे. अनेक झाडांत मूळ तिच्यातून नव्हे तर तिच्या थोडे वर, सालीतून बाहेर पडते. कॅलस दिसला म्हणजे निम्मे काम झाले असे समजून काड्या कुंडीत हलवणाऱ्यांचे त्यामुळेच नुकसान होते.

पावडर या सगळ्यात एकच काम करते: काडीच्या तळाशी ऑक्झिन कमी पडत असेल तर ते बाहेरून देते. आयबीए झाडात शिरल्यावर त्याचा बराच भाग झाडाच्या स्वतःच्या ऑक्झिनमध्ये, म्हणजे इंडोल ॲसिटिक ॲसिडमध्ये, बदलतो. थेट तेच का देत नाहीत, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे कारण असे की ते उजेडात आणि झाडातील विकरांमुळे (एन्झाइममुळे) लवकर नष्ट होते, तर आयबीए अधिक टिकाऊ असल्यामुळे हळूहळू पुरवठा करत राहते. ऑक्झिनचा शोध डच वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांच्या ओटच्या कोंबांवरील १९२८ मधील प्रयोगांपासून मोजला जातो, १९३४ मध्ये इंडोल ॲसिटिक ॲसिड माणसाच्या मूत्रातून वेगळे करण्यात आले, आणि १९३५ मध्ये अमेरिकेतील बॉइस थॉम्प्सन संस्थेतील झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी आयबीएमुळे काडीला मुळे फुटतात हे दाखवून दिले. आमच्याकडे रोपांची मुळे गोमूत्र घातलेल्या बीजामृतात बुडवण्याची पद्धत आहे. १९३४ ची ती गोष्ट वाचून या दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु तेवढ्यावरून तो जोडण्याची घाई मी करणार नाही.

आता प्रत्यक्ष अनुभव. माझ्याकडे एक एकर तुती आहे, वाण व्ही-वन, जोडओळीत पाच बाय तीन बाय दोन फुटांवर, म्हणजे ओळींमध्ये आळीपाळीने पाच आणि तीन फूट आणि ओळीतल्या दोन झाडांमध्ये दोन फूट. या अंतराने एकरी साधारण ५४४५ झाडे बसतात. तुतीची नांगी भरण्यासाठी, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागा भरून काढण्यासाठी, दर पावसाळ्यात मी रोपे तयार करतो. काड्या सहा ते आठ महिन्यांच्या, पेन्सिलीच्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या घेतल्या. पन्नास काड्यांना पावडर लावली, पन्नास तशाच ठेवल्या. पावडर लावलेल्यांपैकी ४६ आणि न लावलेल्यांपैकी ४३ लागल्या. उपटून पाहिल्यावर पावडर लावलेल्या काड्यांना मुळांची संख्या डोळ्यांना जाणवण्याइतकी जास्त होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही तुतीसाठी मी पावडर घेणार नाही, कारण जी काडी फुकटात नव्वदच्या आसपास टक्के लागते तिच्यावर प्रत्येकी पावडर चोळत बसण्याइतका वेळ रेशीम शेती करणाऱ्या माणसाकडे नसतो. जास्वंदीचेही तसेच झाले: दहा-दहा काड्यांत नऊ आणि आठ.

डाळिंबात मात्र फरक उघड दिसला. भगव्या वाणाच्या झाडाची छाटणी जानेवारीत झाली तेव्हा वर्षभराच्या वयाच्या, सात-आठ इंच लांबीच्या साठ काड्या निवडल्या. तीस काड्यांना पावडर लावली; त्यांपैकी २१ लागल्या. न लावलेल्या तिसांपैकी ११ लागल्या. गुलाबात फरक याहून मोठा होता. आमच्याकडे देवपूजेसाठी लावलेला गावठी गुलाब कसाही लागतो, त्यामुळे तो मुद्दाम वगळला आणि रोपवाटिकेतून आणलेल्या मोठ्या फुलांच्या संकरित लाल गुलाबाच्या वीस-वीस काड्या लावल्या. पावडर लावलेल्या १३ लागल्या, न लावलेल्या चारच. बोगनवेलीत हेच प्रमाण वीसपैकी १२ आणि ५ असे राहिले. इतक्या थोड्या काड्यांवरून कोणताही नियम काढता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तीन वेगवेगळ्या झाडांत झुकाव एकाच बाजूला दिसला, एवढे म्हणता येते.

सीताफळाच्या दोन्ही गटांत दहापैकी शून्य. यात पावडरीचा दोष नाही. प्रौढ झाडाच्या जून लाकडात मुळे फुटण्याची क्षमताच बऱ्याचदा क्षीण झालेली असते, आणि आंबा हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. मोठ्या आंब्याच्या फांदीची काडी पावडरीत घोळून लावली म्हणजे केसर आंब्याचे झाड मिळेल, अशी आशा डब्यावरच्या चित्राने कोणाला लावू नये. आंब्यासाठी आपल्याकडे कोय कलम, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर हव्या त्या आंब्याची काडी जोडणे, आहे आणि मोसंबीसाठी रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांच्या रोपावर, डोळा भरण्याची पद्धत आहे, आणि त्या पद्धती उगाच रूढ झालेल्या नाहीत. मोसंबीत तर काडीला मूळ फुटणे हा प्रश्नच गौण आहे. तेथे जमिनीला आणि रोगाला तोंड देणारा खुंट हवा असतो, जो स्वतःच्या मुळावरच्या झाडाला मिळत नाही. डब्यावर आंबा छापणे ही दिशाभूल आहे, आणि एका गुणाची कपात मी त्यासाठीच करतो.

पावडर लावण्याची पद्धत डब्यावर एका ओळीत होती: ‘कलमाचे टोक पावडरीत बुडवून लावावे.’ या ओळीने माझा पहिला गुलाबाचा वाफा घालवला. काड्या मी पाण्याच्या बादलीतून काढून तशाच ओल्या डब्यात बुडवल्या. ओल्या बुडाला पावडरीचा जाड थर चिकटला आणि डब्यात पाण्याचे थेंब पडून गोळे झाले. बारा दिवसांनी काड्या काढून पाहिल्या तेव्हा तळाचा अर्धा इंच भाग काळा पडून मऊ झाला होता, आणि अंगठ्याने दाबताच साल लाकडावरून सरकत होती. ऑक्झिनचे काम सुरुवातीच्या काही दिवसांत असते. मुळाचा अंकुर ठरला की पुढे त्याला लांब वाढायचे असते आणि त्या टप्प्यावर ऑक्झिन जास्त राहिले तर तेच अडथळा होते. त्यापेक्षाही जास्त झाले तर पेशीच मरतात, आणि मेलेल्या भागावर बुरशी चढायला मराठवाड्यातील जुलैच्या उकाड्यात फार वेळ लागत नाही. प्रमाण छापलेले नसल्यामुळे माझ्या हातातली पावडर किती तीव्र होती हे मला अजूनही सांगता येत नाही. ती जून लाकडासाठीची असावी असा माझा अंदाज आहे, कारण तिने डाळिंबाला चांगली आणि कोवळ्या गुलाबाला वाईट वागणूक दिली.

दुसऱ्या वेळी मी थोडी पावडर कागदावर काढून घेतली, काडीचे बूड कापडाने टिपले, फक्त खालचा अर्धा-पाऊण इंच भाग पावडरीत टेकवला आणि हातावर दोन टिचक्या मारून जास्तीची भुकटी झटकली. काडी मातीत दाबण्याऐवजी आधी सळईने छिद्र पाडून त्यात ठेवली, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. उरलेली भुकटी पुन्हा डब्यात ओतली नाही. एवढ्या बदलानंतरचे आकडे वर दिले आहेत. ही चार वाक्ये डब्यावर छापायला फारसा खर्च आला नसता.

अठराव्या दिवशी मी गुलाबाची एक काडी हळूच वर काढली, तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. तिरक्या कापाच्या कडेने तांदळाच्या कण्यांसारखी कॅलसची झालर आली होती, आणि तिच्या पाव इंच वर, पेऱ्याच्या खाली, साल उभी तडकून त्या फटीतून दोन पांढरी टोके डोकावत होती. मोठे टोक जिऱ्याएवढे होते. काडीच्या दुसऱ्या बाजूला तडा गेलेला होता, पण मूळ अजून आत होते. नखाने सालीवर दाबले असता तेथे बारीक उंचवटा लागला. ती काडी परत लावली आणि अर्थातच ती मेली, कारण अशी टोके एवढ्या हाताळणीने मोडतात. त्यानंतर मी काड्या उपटून पाहणे बंद केले आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात लावून बाहेरून काळा कागद गुंडाळण्याची युक्ती वापरली. कागद सोडवला की मुळे दिसतात आणि कोणालाही त्रास होत नाही.

डाळिंबाच्या बाबतीत एक धोका नवशिक्यांनी विशेष लक्षात ठेवावा. काडी लावल्यावर दहा-पंधरा दिवसांत तिला तजेलदार तांबूस पाने फुटतात आणि घरभर आनंद होतो. ही पाने काडीत साठलेल्या पिष्टावर फुटलेली असतात. खाली मूळ असेलच असे नाही. साठा संपला, उन्हाचा एक चटका बसला की पाने एका दुपारीत लोंबकळतात आणि माणूस पाणी वाढवतो, ज्यामुळे उरलेलेही कुजते. साठ्याची कल्पना येण्यासाठी मी एक जुनी युक्ती करून पाहिली: ताज्या कापलेल्या काडीचे टोक औषधाच्या दुकानातील पातळ केलेल्या आयोडीनच्या द्रावणात मिनिटभर बुडवले. जाड, उन्हात वाढलेल्या काडीचे टोक काळेनिळे झाले, तर झाडाच्या आत सावलीत वाढलेल्या बारीक काडीचे टोक पिवळटच राहिले. त्या बारीक काड्या मी पावडर न लावताच फेकून दिल्या. डाळिंबात आणखी एक गोष्ट पावडरीच्या आवाक्याबाहेरची आहे. तेल्या रोगाचे जिवाणू काडीबरोबर नव्या बागेत जातात, त्यामुळे काडी कोणत्या बागेतून घेतली हे संजीवकापेक्षा कितीतरी महत्त्वाचे ठरते. व्यापारी लागवडीसाठी गुटी कलमे (झाडावरच फांदीला मुळे फोडून मग तोडलेली) किंवा ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे घेण्याकडे कल असतो, तो मला योग्य वाटतो. माझ्या एकवीस काड्या बांधावर आणि नातेवाइकांच्या अंगणात गेल्या.

पावडर विकत घेण्याआधी माती आणि पाणी बदला, असे मी प्रत्येकाला सांगेन. आमची काळी जमीन कापसाला कितीही चांगली असली तरी काडी लावण्यासाठी ती वाईट आहे. ओली असताना तिच्यात हवा उरत नाही आणि वाळताना ती भेगाळते, तेव्हा नुकतीच फुटलेली मुळे तटातट तुटतात. मूळ घडवणाऱ्या पेशींना भरपूर प्राणवायू लागतो. मी चाळलेली जाड वाळू आणि धुतलेले कोकोपीट निम्मे-निम्मे वापरले. कोकोपीट धुण्याचा कंटाळा करू नये, कारण त्यात बऱ्याचदा क्षार असतात. आणि पाण्याबद्दल सांगायचे तर आमच्या बोअरचे पाणी कुंडीच्या कडेला पंधरा दिवसांत पांढरे कडे उठवते. त्या पाण्यावर लावलेल्या पहिल्या ट्रेपेक्षा पत्र्याच्या पन्हाळीखाली साठवलेल्या पावसाच्या पाण्यावरचा दुसरा ट्रे डोळ्यांदेखत चांगला निघाला. पाने असलेल्या काड्यांवर मी पारदर्शक पॉलिथिनची कमान केली, पाने निम्मी कापली, पण सगळी काढली नाहीत, कारण ऑक्झिन आणि अन्न दोन्ही तयार करणारी तीच असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळिसाच्या वर असताना हे सगळे करूनही काही उपयोग होत नाही. पॉलिथिनखाली काड्या अक्षरशः वाफवून निघतात. पानांसह लावायच्या काड्यांसाठी जूनअखेर ते ऑगस्ट आणि पक्व लाकडासाठी छाटणीनंतरचा जानेवारी-फेब्रुवारी हाच आपल्याकडचा काळ होय.

दुसऱ्या डब्याविषयी थोडक्यात. तो सप्टेंबरमध्ये घेतला, किंमत १२० रुपये. त्यावर ०.३ टक्के हे प्रमाण छापलेले होते, म्हणून मी आनंदाने घेतला. उत्पादनाच्या तारखेवर मात्र किंमतीचा स्टिकर चिकटवलेला होता. स्टिकर घरी ओलसर करून काढला तेव्हा डबा तीन वर्षांपूर्वीचा निघाला. दुकानात तो काचेच्या कपाटात, दुपारचे ऊन थेट पडेल अशा जागी ठेवलेला मी स्वतः पाहिला होता. आयबीए टिकाऊ असले तरी उष्णता, उजेड आणि ओल यांत त्याची शक्ती हळूहळू घटतेच. गुलाबाच्या वीस काड्यांपैकी सहाच लागल्या, म्हणजे काहीही न लावल्यापेक्षा दोन जास्त. परत करायला गेलो तेव्हा सील फोडलेला डबा परत घेत नाही असे उत्तर मिळाले. सील न फोडता पावडर वापरायची कशी, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

कोरफडीचा गर, मध, दालचिनी असे घरगुती पर्यायही मी करून पाहिले. माझ्या वाफ्यात यांपैकी कशाचाही ठळक फायदा दिसला नाही. दालचिनी आणि मध यांचा बुरशीला थोडा आळा घालण्यासाठी उपयोग होत असेल, पण ती ऑक्झिनची जागा घेऊ शकत नाहीत. फांदीच्या वरच्या कापावर शेणाचा लेप देण्याची आईची सवय मात्र मी चालू ठेवली आहे, कारण वरचे टोक सुकणे त्याने थांबते. मेणही तेच काम करते आणि हात घाण होत नाहीत.

ज्यांना शेकड्यांनी काड्या लावायच्या आहेत त्यांच्यासाठी पावडरीपेक्षा द्रावण बरे पडते. शुद्ध आयबीए पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालतात; १ ग्रॅम आयबीएचे १ लिटर द्रावण केले की १००० पीपीएम होते, आणि काडीचे बूड त्यात पाच-दहा सेकंद बुडवून काढायचे असते. डाळिंबाच्या पक्व काडीला २००० ते २५०० पीपीएमच्या आसपासचे द्रावण वापरतात. यात प्रमाण आपल्या हातात राहते, हाच मोठा फायदा. अडचण अशी की ग्रॅमचा अंश मोजणारा काटा बहुतेकांच्या घरी नसतो आणि शुद्ध द्रव्य तालुक्याच्या दुकानात मिळत नाही.

म्हणून माझे मत असे आहे. पाच-पन्नास गुलाब, बोगनवेली किंवा डाळिंबाच्या काड्या लावणाऱ्या हौशी माणसाने ही पावडर अवश्य घ्यावी. ५० ग्रॅमचा डबा दोन-तीनशे काड्यांना सहज पुरतो, त्यामुळे दर काडीला साधारण पन्नास ते सत्तर पैसेच पडतात. मोठा डबा घेऊ नये, कारण तो संपेपर्यंत निकामी होईल. दुकानात उभे असतानाच टक्केवारी आणि तारीख वाचून घ्यावी, आणि तारखेवर स्टिकर असेल तर तो तेथेच खरवडावा. पहिल्या डब्याला पाचपैकी तीन गुण: परिणाम खरा, पण लेबल बेजबाबदार. दुसऱ्याला एक, तोही प्रमाण छापल्याबद्दल.

पहिल्या डब्यातील उरलेली पावडर मी औषधाच्या जुन्या गडद बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवली आहे. तिच्यावर आईने स्वतःच्या अक्षरात ‘खायचे नाही’ असे लिहून चिठ्ठी चिकटवली आहे. यंदा आर्द्रा नक्षत्र लागले की तिच्यातली पावडर आधी बोगनवेलीच्या दहा काड्यांवर लावून पाहणार आहे. वर्षभरात तिची ताकद किती उतरली हे त्यावरून कळेल, आणि उतरली असेल तरच नवा डबा घेईन.